मदत हवी आहे: जळगावच्या वकिलाला परदेशात काम मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. मोटार अपघाताचे दावे, शेतीच्या वाटण्या. निम्मी फी केळी कापल्यावरच हातात येते. सध्या इंग्लंडचं डोक्यात बसलंय.

वाचलं त्यावरून, तिथे सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर, ते भारतातल्या केंद्रावर देता येतात. दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदे. तोंडी भागासाठी मात्र तिकडेच जावं लागतं. आपली वकिलीची सनद असेल तर दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागत नाही. मग तिथल्या एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, शेत गहाण कशाला टाकायचं? पण इथला एजंट एलएलएमशिवाय दुसरं बोलतच नाही, त्याचं कमिशन त्यातच असणार.

खरी अडचण पुढची. पास झालो तरी व्हिसा स्पॉन्सर करणारी फर्म कशी शोधायची? आयुष्यभर मराठीत उलटतपासणी घेतलेल्या माणसाला ते दारात तरी उभं करतील का? मामेभाऊ म्हणतो दुबईला ये. पण तिथल्या स्थानिक कोर्टाचं कामकाज अरबीत, इंग्रजीत चालतं ते डीआयएफसी, म्हणजे दुबईच्या आंतरराष्ट्रीय आर्थिक केंद्राच्या, कोर्टांचं. म्हणजे मला कंपनीच्या लीगल खात्यातच जागा बघावी लागेल. तसा अनुभव शून्य.

धुळे, नंदुरबार, जळगावकडून कुणी या वाटेने गेलंय का? अभ्यास प्रॅक्टिस सांभाळून केला की सोडून? क्लास लावला होता का? कॅनडाची एनसीए, म्हणजे परदेशी वकिलांसाठीची परीक्षा, कुणी दिली असेल तर तेही सांगा. बायकोला तिकडची थंडी नकोय, पण ते घरी बघून घेऊ.