स्पॅनिशमधी बेरीज-वजाबाकी कशी बोलायची?

प्रश्न: आमचं सोलापुरात टॉवेलचं काम आहे, मेक्सिकोच्या गिऱ्हाईकाशी फोनवर बोलताना आकडे जमतात पण अधिक-उणे कुठं येतंय, सांगा की कोणीतरी.

उत्तर: अधिक म्हणजे मास, उणे मेनोस, गुणिले पोर, भागिले एन्त्रे. पाढा आपल्यासारखाच, बे त्रिक सहा तसं दोस पोर त्रेस, सेइस. मी गठ्ठे मोजताना मोठ्यानं म्हणायचो, दोस पोर दोसे, वेइन्तिक्वात्रो, मग बसलं तोंडात.

दुसरं उत्तर: दोस दोन आन दोसे बारा, फोनवर हमखास घोळ होतो ओ, परत विचारून घ्या. आन दशांशाला स्पेनमधी स्वल्पविराम, मेक्सिकोत आपल्यासारखं टिंब, म्हणून भाव लिहूनच मागवा.

प्रश्नकर्ता: दोस-दोसेचाच घोळ झालता परवा! लई आभार.