एकच सिरम, दोन लॅब: बाईल ॲसिड ५८ आणि ३१. कोणता आकडा धरायचा?

सेंट्रिफ्यूज_भाऊ (पुसद तालुका)
नमस्कार मंडळी. आमची लॅब म्हणजे दोन खोल्या, एक सेमी-ऑटो ॲनालायझर आणि एक इन्व्हर्टर. बाईल ॲसिड (रक्तातलं पित्ताम्ल) इथं होत नाही, बाहेर पाठवतो.

एक पेशंट आहे, आठवा महिना सरत आलाय. तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त. पुरळ एकही नाही, पोटऱ्यांवर नखांनी ओरबाडल्याच्या रेघा तेवढ्या. सासूबाईंचं एकच, "मे महिना हाये, घामोळ्या असतीन, त्याले रक्त कायले काढता?" एसजीपीटी (यकृताची तपासणी) वाढलेलं निघालं, मग गरोदरपणातल्या कोलेस्टेसिसचा (पित्त नीट न वाहण्याचा) संशय म्हणून डॉक्टर मॅडमनी बाईल ॲसिड लिहिलं. मॅडमना रिपोर्ट लवकर हवा होता म्हणून एक ट्यूब ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती नागपूरला दिली. घरच्यांना "मोठ्या मशीनचा" रिपोर्ट हवा होता, म्हणून त्याच सिरमची दुसरी ट्यूब कुरिअरनं मुंबईला.

नागपूर, एंझायमॅटिक: ५८ मायक्रोमोल प्रति लिटर. मुंबई, एलसी-एमएस/एमएस (कॉलममधून वेगळं करून वजनानं ओळखणारी मेथड): टोटल ३१, खाली बारीक अक्षरात दहा-बारा नावांची यादी.

एका ट्यूबमध्ये एवढा फरक? नागपूरवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "आमचे कंट्रोल (ठरलेल्या आकड्याचे तपासनमुने) बरोबर आहेत." मुंबईवाले म्हणाले, "आमची मेथड गोल्ड स्टँडर्ड आहे." मॅडमला काय सांगू? आणि सेमी-ऑटोवर आपणच किट लावलं तर?

बायोकेम_वर्धा
भाऊ, आधी एक सांगा. ती बाई उर्सोडिऑक्सिकोलिकच्या (उर्सो, हेही एक बाईल ॲसिडच) गोळ्या घेते का? आणि मुंबईच्या यादीत उर्सोसमोर किती लिहिलंय?

सेंट्रिफ्यूज_भाऊ
आत्ताच मॅडमना विचारलं. हो, एसजीपीटी पाहून गोळ्या सुरू केल्या होत्या, रक्त नंतर घेतलं. यादीत उर्सो, ग्लायको-उर्सो आणि टॉरो-उर्सो मिळून २४. अन् टोटलखाली तळटीप आहे, "उर्सो गट वगळून".

बायोकेम_वर्धा
मग भांडण मिटलं की! ३१ आणि २४ मिळून ५५. एंझायमॅटिकच्या ५८ पासून ते फार लांब नाही, दोन मेथडमध्ये एवढं चालतंच. दोन्ही लॅब बरोबर आहेत, मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

एंझायमॅटिकमध्ये ३-अल्फा-हायड्रॉक्सिस्टिरॉइड डिहायड्रोजिनेज हे एंझाइम असतं. त्याला फक्त तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल दिसतो. कोलिक, चेनोडिऑक्सिकोलिक, डिऑक्सिकोलिक, उर्सो, सगळ्यांकडे तो आहे. एंझाइमचं काम एसटीच्या कंडक्टरसारखं, तिकिटं मोजतं, कोण कुठल्या गावचा ते विचारत नाही. गोळीतून आलेलं उर्सोही त्यात मोजलं जातं.

हल्लीची किटं सायकलिंगची. एंझाइम थायो-एनएडी (एनएडी या सहएंझाइमचं बदललेलं रूप) वापरून बाईल ॲसिडचं ऑक्सिडेशन करतं, जास्तीचं एनएडीएच (एनएडीचंच हायड्रोजन धरलेलं रूप) त्या ॲसिडला परत मूळ रूपात आणतं, आणि प्रत्येक फेरीला थायो-एनएडीएच साचत जातं. तेच ४०५ नॅनोमीटरला वाचायचं. जुन्या किटांत एनबीटी या रसायनाचा फॉर्मझान रंग ५४० च्या आसपास वाचायचे, त्यात सिरममधलं एलडीएच हे एंझाइम लुडबूड करायचं. हिमोलाइज (लाल पेशी फुटलेलं) सॅम्पल दोन्हीकडे नकोच.

आणि "गोल्ड स्टँडर्ड" ऐकून मान डोलवू नका. चेनो, डिऑक्सि आणि उर्सो या तिघांचं सूत्र एकच, रेणुभारही एकच, ३९२ च्या वर थोडं. मास स्पेक्ट्रोमीटरला नुसत्या वजनावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. कॉलममधून कोण आधी बाहेर पडतं त्यावर सगळं चालतं. कॉलम नीट नसेल तर महागडी मशीनही गोंधळते.

मॅडमसाठी महत्त्वाचं: ब्रिटनच्या आरसीओजीच्या (प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेच्या) २०२२ च्या मार्गदर्शनात १९ ते ३९ सौम्य, ४० ते ९९ मध्यम, १०० पासून गंभीर. मृतजन्माची जोखीम ठळकपणे वाढते ती १०० च्या पुढे. तुमच्या दोन आकड्यांनी तीच बाई एकदा मध्यममध्ये बसते, एकदा सौम्यमध्ये. म्हणून पहिलं रक्त उर्सो सुरू करायच्या आधीच घ्यायला हवं होतं. आता निर्णय मॅडमचा. मात्र यापुढचे सॅम्पल एकाच लॅबला, एकाच मेथडनं. उपाशीपोटीचा हट्ट नको, हे आकडे जेवण न टाळता घेतलेल्या रक्तासाठीच आहेत. बाईल ॲसिड जेवणानंतर वाढतं, उपाशी नेलं तर वरचा आकडा हुकेल.

अकोट_पॅथो
सायबांनी सांगतलं ते खरं. किटचं म्हणाल तर भाऊ, नोका लावू. म्या लावलं होतं. महिन्याला दोन-तीन पेशंट, उघडलेलं रिएजंट पडूनच रायते, अर्धं फेकलं. त्यात रेट-रिॲक्शन (रंग किती वेगानं वाढते ते मोजा लागते), ३७ डिग्री सांभाळा लागते, अन् मधातच लाईन गेली की कंट्रोल हलते. चूक वीजवाल्याची अन् शिव्या आपल्याले.

गावची_एएनएम
आमच्याकडे उन्हाळ्यात खाज म्हटलं की सगळ्या पावडर लावून घरी बसतात. पुरळ नसताना तळपाय खाजत असतील तर पाठवा, असं मी आता आशाताईंना सांगून ठेवलंय.

सेंट्रिफ्यूज_भाऊ
मॅडमना दोन्ही रिपोर्ट आणि हा हिशेब दाखवला. पुढचं सॅम्पल नागपूरलाच. आमच्या फॉर्मवर औषधाचा रकानाच नव्हता, तो आज पेनानं आखून झेरॉक्स मारल्या.

बायोकेम_वर्धा
छान. त्याच रकान्यात शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहा. गोळी घेऊन लगेच रक्त काढलं तर उर्सोचा भाग आणखी फुगलेला दिसेल.