मदत हवी आहे : आंबवलेल्या कोबीतील बॅक्टेरिओसिन थाळीवर दिसते, द्रवात मात्र सापडत नाही

नमस्कार. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनींच्या एका प्रकल्पाला मी मार्गदर्शन करते आहे. त्यातील एक अडचण सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा अन्नतंत्रज्ञानात काम करणाऱ्यांपुढे मांडत आहे.

चिरलेला कोबी सव्वादोन टक्के मिठात दाबून आंबवला. आधी ल्युकोनोस्टॉक हे जिवाणू वाढतात आणि आम्लता चढली की लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लांटॅरम, म्हणजे २०२० पूर्वीचा लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम, त्यांची जागा घेतो. सामू ३.६ च्या आसपास असताना आम्ही जिवाणू वेगळे केले. साखरांच्या चाचण्यांवरून ते प्लांटॅरमच वाटतात. कोबी टिकवण्याचे मुख्य काम लॅक्टिक आम्ल करते, यात शंका नाही. आम्हाला शोधायची आहेत ती हे जिवाणू आपल्या भाऊबंदांविरुद्ध सोडतात ती छोटी प्रथिने, म्हणजेच बॅक्टेरिओसिन. म्हणून सूचक जिवाणू, म्हणजे ज्याची वाढ थांबते का ते पाहायचे तो, म्हणून ई. कोलाय घेतला नाही, कारण त्याच्या बाह्यपटलामुळे ही प्रथिने सहसा आत पोहोचत नाहीत. दुधातून मिळालेला दुसरा एक लॅक्टोबॅसिलस घेतला.

लॅक्टोबॅसिलस वाढवण्यासाठी वापरतात त्या एमआरएस माध्यमात ग्लुकोज दोन टक्के असते आणि तेवढ्यातून तयार होणारे आम्लच वलय, म्हणजे सूचक जिवाणू न वाढलेला गोल भाग, दाखवू शकते, म्हणून ग्लुकोज ०.२ टक्क्यावर आणून वसाहतींवर सूचक जिवाणूंचा मऊ अगार ओतला. तरीही एका वाणाभोवती स्वच्छ वलय आले. त्या वसाहतीशेजारी ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराचा थेंब ठेवला, तेव्हा थेंबाच्या बाजूचे वलय नाहीसे होऊन उरलेला भाग चंद्रकोरीसारखा दिसला. वलय आम्लाचे किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचे असते, तर ट्रिप्सिनने एकाच बाजूला मिटले नसते, आणि माझ्या मते हा पुरावा भक्कम आहे.

अडचण पुढे आहे. तोच वाण द्रव माध्यमात रात्रभर वाढवून, सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी खाली बसवून, वरच्या द्रवाचा सामू ६.५ वर आणला आणि तो अगारच्या विवरात घातला, तर वलय अजिबात येत नाही. बॅक्टेरिओसिन पेशींनाच चिकटून राहिले असेल, हे मला पटत नाही, कारण असे चिकटणे सामू ६ च्या जवळ सर्वाधिक असते आणि आमच्या पेशी सामू ४ च्या खाली असतानाच वेगळ्या केल्या होत्या. प्लांटॅरिसिनची, म्हणजे प्लांटॅरमच्या बॅक्टेरिओसिनची, निर्मिती पुष्कळदा एका संदेशवाहक पेप्टाइडवर अवलंबून असते आणि प्लांटॅरमच्या एनसी८ या वाणात ती द्रवात दुसऱ्या जिवाणूंची सोबत मिळाली तरच सुरू होते, हे वाचल्यापासून माझा संशय तिकडे वळला आहे. अगारवर पेशी दाटीने असतात, शिवाय सूचक जिवाणू लागूनच असतात. द्रवात यातले काहीच नसते.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सोबतीसाठी उष्णतेने मारलेल्या सूचक पेशी चालतात का, की जिवंतच लागतात, आणि जिवंत घेतल्यास त्यांचे स्वतःचे आम्ल हिशेबातून कसे वगळावे? द्रवात प्रथिन अगदी विरळ असेल, तर अमोनियम सल्फेटने किती संपृक्ततेला साका बसवणे तुमच्या अनुभवात उपयोगी ठरले? आणि लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा रोगकारक जिवाणू आमच्या प्रयोगशाळेत आणणे योग्य नसल्याने, पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवता येईल असा, प्लांटॅरिसिनला संवेदनशील आणि निरुपद्रवी सूचक वाण कोणता? प्रत्यक्ष हाताळलेल्या पद्धतीतील माध्यम, तापमान आणि वाढीचे तास कळवल्यास मुलींना पुढचा प्रयोग त्याप्रमाणे आखता येईल.