मदत हवी आहे: विंचेस्टर १८९४ कार्बाईन, अस्सल की जोडजमाव?

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे जुन्या घड्याळांपासून पितळी कुलपांपर्यंत सगळ्याचे जाणकार निघतात म्हणून विचारतो.

आम्ही वायोमिंगमध्ये, चेयेनला राहतो. शेजारच्या आजी घर विकून लेकीकडे राहायला चालल्या आहेत. त्यांच्या सासऱ्यांची एक कार्बाईन (आखूड नळीची रायफल) आहे, रँचवर वापरलेली. "तूच घे, आणि किती द्यायचे ते तूच सांग," म्हणाल्या. इथेच माझी पंचाईत झाली. त्यांनी भाव विचारला असता तर घासाघीस तरी केली असती!

आता माल. विंचेस्टर, मॉडेल १८९४, म्हणजे जॉन ब्राउनिंगची रचना. नळी गोल, वीस इंची, दोन पट्ट्यांनी आवळलेली. रिसीव्हरच्या (नळीमागचा यंत्रणेचा लोखंडी सांगाडा) डाव्या अंगाला खोगिराची कडी. नळीवर '३० डब्ल्यू.सी.एफ.', म्हणजे आपलं थर्टी-थर्टी काडतूस. नंबर रिसीव्हरच्या पोटाला पुढच्या बाजूस आहे, ९६ हजारांच्या घरातला. कंपनीच्या छापील यादीप्रमाणे तो १८९७चा. इथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक' धरतात, म्हणजे त्या बाजूने निवांत.

मग घोडं कुठे अडलं? रंग फारच छान आहे. सव्वाशे वर्षांची, घोड्यावरून हिंडलेली वस्तू, आणि निळाई एकसारखी चकाकते. लीव्हरसुद्धा (काडतूस चढवायची खालची दांडी) निळाशार. शिवाय नळीवर, रिसीव्हरला लागूनच, एक छोटा लंबगोल छाप आहे, आत डब्ल्यू आणि पी. तसा रिसीव्हरवर दिसत नाही. याचा अर्थ काय लावायचा? फोटो खाली टाकले आहेत. आगाऊ धन्यवाद.

– वाटसरू

भाता_आणि_ऐरण:
पहिलं काम, ती रिकामी आहे याची खात्री. लीव्हर पूर्ण उघडून आत बघा, आणि खालच्या नळकांड्यातही काडतूस अडकलेलं नाही ना ते बघा. भिंतीवरच्या बंदुका रिकाम्याच असतात असं समजू नका.

आता रंग. १८९७च्या सुमारास लीव्हर, घोडा (बार उडवणारा हातोडा) आणि बटप्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी) यांना ब्लूइंग, म्हणजे ती निळाई, करत नसत, केस हार्डनिंग, म्हणजे लोखंडाचा वरचा थर कडक, करत. त्यावर ढगाळ, रंगीबेरंगी छटा यायच्या. त्या उडून लोखंड राखाडी पडतं, निळं होत नाही. तुमची लीव्हर निळी आहे, म्हणजे कोणीतरी नंतर रंगवली. कधी आणि कोणी, एवढाच प्रश्न.

भिंग घेऊन तीन जागा बघा. अक्षरांच्या कडा: बफ (घासायचं फिरतं चाक) मारला की 'विंचेस्टर'ची धार जाते, कडा वितळलेल्या मेणासारख्या दिसतात. स्क्रूची भोकं: भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा असेल तर चाक फिरलंय. आणि निळाईच्या खाली गंजाचे खड्डे: खड्ड्याच्या तळालाही रंग असेल, तर आधी गंज, मग रंग.

सदाशिव_पेठी:
एवढी चौकशी आमच्याकडे मुलगी बघताना करत नाहीत. असो. लाकडाकडेही बघा. नव्या दस्त्याचं लाकूड धातूच्या किंचित वर उभं असतं. घासून साफ केलं असेल तर ते धातूच्या खाली गेलेलं असतं, नखाला लगेच कळतं.

भाता_आणि_ऐरण:
+१. आता त्या छापाबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. डब्ल्यू-पी हा विंचेस्टरचा प्रूफचा छाप, म्हणजे जादा दाबाचा बार काढून तपासल्याची खूण, १९०५पासूनचा. तुमच्या नंबराची बंदूक त्याच्या आठ वर्षं आधीची. म्हणजे ही नळी मूळची नाही, हे जवळपास नक्की.

आता दोन शक्यता. बंदूक कारखान्यात परत गेली आणि तिथे नवी नळी बसली, तर सहसा छाप रिसीव्हरवरही मारत. किंवा कोणीतरी दुसऱ्या कार्बाईनची नळी काढून हिला लावली. दोन्हींच्या किमतीत फरक पडतो. रिसीव्हरच्या माथ्यावर, नळीच्या छापासमोर, तिरका उजेड टाकून बघा. बफवाल्याने छाप पुसलाही असेल.

आणि तुमच्याच वायोमिंगमधल्या कोडी गावाला पत्र लिहा. तिथल्या म्युझियमकडे विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. १८९४ मॉडेलच्या ३५३९९९ नंबरापर्यंतच्या. नंबर दिला की फी घेऊन कळवतात: कार्बाईन होती की रायफल, कोणत्या काडतुसाची, गोदामातून कधी बाहेर पडली, दुरुस्तीला परत आली का. रायफलची कार्बाईन केलेली असेल तर तेही तिथेच उघडं पडेल.

वाटसरू:
तुमचे पाय कुठे आहेत, काका! काल रात्री मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघितलं. रिसीव्हरच्या माथ्यावर अर्धी कमान दिसते, लंबगोलाची खालची बाजू, आणि आत पुसट 'पी'. डब्ल्यू गेलाय. एका स्क्रूभोवती बशी आहे, बाकीचे बरे. लाकूड मात्र धातूच्या वरच आहे, निदान दस्त्याचं.

मग सकाळी चहाला गेलो तेव्हा आजींना सहज विचारलं, हिची नळी कधी बदलली का हो? त्या म्हणाल्या, "अरे, ती फुगली होती ना!" सासरे कालवा ओलांडताना घोड्यावरून पडले, नळीत चिखल गेला, आणि न झटकताच त्यांनी बार काढला. बंदूक आगगाडीने 'कंपनीकडे' पाठवली होती, असं घरात सांगायचे. साल आठवत नाही. मी इतके दिवस छाप बघत बसलो आणि माणसाला विचारलंच नाही.

रंग मात्र त्यांच्या नवऱ्याने करून घेतला, साठीच्या दशकात, लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून. 'जुनी-पुराणी दिसायची' म्हणे.

भाता_आणि_ऐरण:
हाय रे दैवा. त्या भेटीने अस्सल रंगाच्या बंदुकीच्या मानाने भाव चांगलाच खाली आणला. पण हे आजींना सांगू नका. नळी कारखान्यात बदलली हे वहीत सापडलं तर ते जोडजमावात धरू नका, त्याला दुरुस्ती म्हणतात. पत्र येईपर्यंत आकडा बोलू नका, आणि स्वच्छ करतो म्हणून स्टील वूल तर अजिबात लावू नका. थोडं तेल, मऊ फडकं, बस्स.

वाटसरू:
पत्राची फी आजच भरली. आजींना आकडा नंतर सांगतो म्हटलं, तर म्हणाल्या, कडी तेवढी काढू नकोस, ती वाजायची तेव्हा कुत्रं दारात जाऊन बसायचं. पत्र आलं की इथेच टाकतो.