मदत हवी आहे: 'रामा' पडद्यावर येण्याआधी भौतिकीचं टिपण

मंडळी, आर्थर सी. क्लार्कच्या 1973 सालच्या 'रॉंदेव्हू विथ रामा' या विज्ञान कादंबरीवर दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह चित्रपट करणार, अशी घोषणा 2021 मध्ये झाली. चित्रपट येण्याआधी वाचकगटासाठी एक टिपण करतोय, त्यात मदत हवी आहे.

रामा म्हणजे सूर्यमालेत आलेलं परग्रहवासीयांचं अवकाशयान, 50 किलोमीटर लांबीचं फिरतं नळकांडं. आतला व्यास 16 किलोमीटर, चार मिनिटांत एक फेरी. म्हणजे या फिरण्यामुळे आतल्या जमिनीवर भासणारं गुरुत्व पृथ्वीच्या साधारण 0.56 पट. पण वस्तू तिथे सरळ खाली पडत नाही. हवेचा रोध सोडून हिशेब केला, तर 100 मीटरवरून सोडलेला दगड सहा सेकंदांत खाली येतो आणि फिरण्याच्या उलट दिशेला सुमारे 11 मीटर सरकतो. पडद्यावर हा दगड सरळ खाली पडला, की सगळा रामा खोटा वाटणार. हवा धरून हेच गणित कुणी करून देईल का?

दुसरं, नळकांड्याला आतून पट्ट्यासारखा वेढणाऱ्या वर्तुळाकार समुद्राचा उत्तर कडा (नळकांड्याची दोन टोकं म्हणजे उत्तर आणि दक्षिण) 50 मीटर आणि दक्षिण कडा 500 मीटर उंच का, हे एका आकृतीत दाखवायचंय. रामाला वेग येताना पाणी दक्षिणेकडे चढणार, म्हणून ती भिंत. कुणाला आकृती जमेल?

खरी धास्ती वेगळीच आहे. कादंबरीत खलनायक नाही. बुध ग्रहावर वसलेल्या माणसांनी रामावर पाठवलेला बॉम्ब एवढाच काय तो संघर्ष, आणि तो बॉम्बही रामाच्या शोधमोहिमेतला रॉड्रिगो शांतपणे निकामी करतो. पटकथेत त्या बॉम्बचाच शेवटचा धमाका होईल, असं वाटतं. तो प्रसंग फुगवला तर कथेतलं नेमकं काय मोडतं, यावर चार ओळी लिहून द्या.