मदत हवी आहे: पाच टक्के कॅशबॅकच्या कार्डावरून घरची बिलं भरली, हाती आले २९६ रुपये. माझं कुठे चुकलं?

सई_डोंबिवली

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

घरात आम्ही पाच माणसं: मी, नवरा, चौथीतला मुलगा आणि सासू-सासरे. बिलांचं खातं माझ्याकडे. आजवर पगार झाला की यूपीआयनं एकेक उरकून टाकत होते. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का? एवढी बिलं भरतेस ती कार्डावरून भर, ऑनलाइनला पाच टक्के परत येतात." मी लगेच मनात गुणाकार केला आणि एका मोठ्या बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं. वार्षिक फी ९९९, वर जीएसटी, असे ११७९ रुपये पहिल्याच स्टेटमेंटात गेले.

तीन महिन्यांत कार्डावरून भरलेले पैसे: वीज ९६००, पाइप गॅस ११०० (दोन महिन्यांनी एकदा येतं), ब्रॉडबँड २८२९, दोघांचे पोस्टपेड मोबाइल ३१८०, शाळेची तिमाही फी १८०००, अ‍ॅपवरून किराणा ४२०० आणि डीमार्टात कार्ड स्वाइप करून ८६००. एकूण ४७५०९. माझ्या हिशेबानं किमान दोन हजार तरी यायला हवे होते. आले २९६.

वर शाळेच्या पोर्टलवर कार्ड निवडलं म्हणून २३४ रुपये जादा गेले, ते मला पावती पाहिल्यावर कळलं. सासरे पहिल्या दिवसापासून म्हणताहेत, "कार्ड म्हणजे कर्ज." आता त्यांना आकडा सांगायची सोय राहिली नाही.

प्रश्न तीन. कॅशबॅक एवढा कमी का? घरच्या बिलांसाठी खरंच उपयोगी पडेल असं कार्ड असतं का? की हा नादच सोडून द्यावा?

घरकोंबडा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरीही हाच वाद चालू आहे, फक्त पात्रं वेगळी.

निवृत्त_कॅशियर

सईताई, बँकेनं तुम्हाला फसवलं नाही, पण जे ठळक अक्षरात छापलं तेवढंच तुम्ही वाचलंत.

प्रत्येक दुकानदाराला, कंपनीला, शाळेला कार्डाच्या व्यवहारात एक चार आकडी कोड असतो. वीज, गॅस, पाणी यांचा ४९००, टेलिफोन-मोबाइलचा ४८१४, किराण्याचा ५४११, घरभाड्याचा ६५१३. बँकेचं यंत्र तुम्ही काय घेतलंत ते बघत नाही, फक्त हा कोड बघतं. "ऑनलाइनवर पाच टक्के" या ओळीखाली बारीक अक्षरात वगळलेल्या कोडांची यादी असते. त्यात वीज-गॅस, मोबाइल-ब्रॉडबँड, शाळा, विमा, इंधन, भाडं, वॉलेट हे नेहमीचे मानकरी.

का वगळतात? कॅशबॅक काही बँक खिशातून देत नाही. तुम्ही कार्ड वापरलंत की दुकानदाराकडून एक-दोन टक्के कापले जातात, त्यातला तुकडा तुमच्याकडे येतो. वीज, गॅस, शाळा अशा ठिकाणी ही कपात फार कमी, मग बँक तुम्हाला देणार कशातून?

तुमचे २९६ तपासू. अ‍ॅपवरच्या किराण्याच्या ४२०० वर पाच टक्के म्हणजे २१०. डीमार्ट दुकानात, म्हणून एक टक्का, ८६. बेरीज २९६. उरलेल्या ३४७०९ रुपयांवर शून्य. हिशेब जुळला.

सई_डोंबिवली

काका, धन्यवाद. म्हणजे ज्या बिलांसाठी कार्ड घेतलं नेमकी तीच यादीबाहेर! आणि शाळेचे २३४?

निवृत्त_कॅशियर

ती सुविधा शुल्काची गंमत. पोर्टलवाल्याला कार्डाची कपात सोसायची नसते, तो ती तुमच्यावर ढकलतो. १८००० वर १.१ टक्का म्हणजे १९८, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २३४. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर यूपीआय आणि नेटबँकिंगसमोर शून्य आणि कार्डासमोर आकडा दिसत असेल, तर कार्डाला हात लावू नका.

चिकट_मनुष्य

काकांशी सहमत, पण "बिलांसाठी कार्डच नाही" असं कुणी समजू नये. अशी कार्डं असतात, फक्त त्यांचा दरवाजा ठरलेला असतो.

माझ्याकडे एअरटेल अ‍ॅक्सिसचं आहे. मी २०२३ मध्ये घेतलं तेव्हाची गणितं सांगतो, अटी बदलत असतात म्हणून अर्ज करायच्या दिवशीची पीडीएफ स्वतः वाचा. एअरटेलच्याच अ‍ॅपमधून त्यांचा मोबाइल, ब्रॉडबँड भरला तर २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २५० रुपये. त्याच अ‍ॅपमधून वीज-गॅस भरलं तर १० टक्के, तेही २५० पर्यंतच. फी ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०.

आता यातली मेख. दहा टक्क्यांना २५० ची टोपी, म्हणजे अडीच हजारांच्या बिलापर्यंतच खरे दहा टक्के. तुमचं विजेचं बिल ३२०० असेल तर वरच्या ७०० वर काही नाही. तरी महिन्याला २५० धरले तर वर्षाचे ३०००, फी वजा जाता २४१०. मोबाइल-ब्रॉडबँड त्या कंपनीचे नसतील तर २५ टक्के विसरा. आणि दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपवरून भरलंत तर दहाही मिळत नाहीत. मी एकदा घाईत सवयीच्या अ‍ॅपवरून बिल भरलं आणि २५० च्या जागी ३२ रुपये आले. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

भाऊसाहेब

नाद सोडा. माझा अनुभव ऐका. २०१९ मध्ये माझं कार्डाचं बिल ३२ हजार आलं. मोबाइलवर दोन बटणं, एक पूर्ण रकमेचं, एक किमान रकमेचं. किमान १६०० भरले आणि वाटलं, वा, महिनाभराची सोय झाली. पुढच्या स्टेटमेंटात व्याज आणि जीएसटी मिळून दीड हजाराच्या वर. शिवाय त्या महिन्यात घेतलेल्या नव्या वस्तूंवरही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी राहिली की व्याजमुक्त दिवस संपतात. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटतं, वर्षाचे बेचाळीस होतात. त्यात तुमचा पाच टक्क्यांचा कॅशबॅक म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी.

चिकट_मनुष्य

भाऊसाहेब, तुमचं दुखणं कॅशबॅकचं नाही, किमान रकमेच्या बटणाचं आहे. बँकेच्या खात्यातून ऑटोपे लावा, पण लावताना "टोटल ड्यू" निवडा. अर्जात बऱ्याचदा "मिनिमम ड्यू" वरच खूण असते. मी तीन कार्डं वापरतो, सात वर्षांत व्याजाचा एक पैसा दिलेला नाही.

सई_डोंबिवली

हे बरं झालं सांगितलंत, मी ऑटोपे लावलाय, पण कुठला ते तपासलंच नाही. (तपासलं. मिनिमम होता. आत्ता बदलला. हात थरथरताहेत.)

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. सोसायटीचा मेंटेनन्स ४५०० आणि दुधाचे २४०० कार्डावरून भरता येतील का? आणि वीजबिल मी मुद्दाम शेवटच्या तारखेला भरत होते, व्याजमुक्त दिवस जास्त मिळावेत म्हणून. ते तरी बरोबर होतं ना?

अनामिका_२७

दुधाचं: रूपे क्रेडिट कार्ड असेल तर यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून. पण ते फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. दूधवाल्या भैयाचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा असेल तर अ‍ॅप कार्ड घेणारच नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याचा क्यूआर व्यापारी असतो, तिथे चालेल. आणि यूपीआयवरच्या खर्चाला तुमचं कार्ड कॅशबॅक देतं का, ते वेगळं बघा. बरीच देत नाहीत.

मेंटेनन्स: सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये कार्डाला शुल्क दाखवलं तर सरळ यूपीआय करा. घरभाड्याचं तर आता विचारूच नका, सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आल्यावर मोठ्या अ‍ॅप्सनी कार्डावरून भाडं भरणं बंदच केलं.

अवांतर: २०२४ पासून बऱ्याच बँका वीज-गॅसची बिलं महिन्याला ठरावीक रकमेवर गेली की एक टक्का शुल्क लावतात. मर्यादा कुठे १५ हजार, कुठे २०, कुठे ५०. तुमच्या बिलांना लागणार नाही, पण नणंदेचं, भावाचं, शेजाऱ्याचं बिल आपल्या कार्डावरून भरण्याची हौस असेल तर जपून.

निवृत्त_कॅशियर

वीजबिल शेवटच्या तारखेला भरणं ही मात्र घोडचूक, ताई. व्याजमुक्त मुदत कार्डाची, बिलाची नव्हे. तुम्ही बिल आलं त्या दिवशी कार्डावर टाकलं तरी पैसे खात्यातून जातात ते कार्डाच्या देय तारखेलाच.

आणि महावितरणचं बिल एकदा नीट वाचा. डोंबिवलीत तुमच्याकडे तेच. बिलावर लवकरची एक तारीख असते, "या तारखेपर्यंत भरल्यास" म्हणून. त्यापर्यंत भरलंत की कर-शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट. देय तारखेनंतर गेलात की उलट सव्वा टक्का विलंब आकार. ऑनलाइन भरण्याची पाव टक्का सूट वेगळी. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं, म्हणजे त्यांचं गो ग्रीन, तर बिलामागे १० रुपये, वर्षाचे १२०.

तुमच्या ३२०० च्या बिलाला लवकर भरण्याचे साधारण २७, ऑनलाइनचे ८, गो ग्रीनचे १०. झाले ४५ रुपये, दर महिन्याला, कुठलंही कार्ड न घेता. महावितरणच्या स्वतःच्या संकेतस्थळावर क्रेडिट कार्ड सोडून बाकी मार्गांना शुल्कही नाही.

घरकोंबडा

म्हणजे सईताईंनी ज्या बिलावर कार्डाचे शून्य मिळवले त्याच बिलावर तीन महिन्यांत शंभराच्या आसपास रुपये सोडले? रुमाल उचलून बसायलाच आलो आता.

सई_डोंबिवली

लवकर भरण्याचे २७ गुणिले ३. हो, सोडले. कार्ड यायच्या आधी मी बिल आलं की लगेच भरत होते, कारण सासरे मागे लागायचे, "आजच भर." मला वाटायचं हा त्यांचा जुना स्वभाव. त्यांना विचारलं तर म्हणाले, "एक टक्का लिहिलेला असतो ना त्यावर." इतकी वर्षं कधी बोलले नाहीत!

आता या कार्डाचं काय करू? फी तर गेलीच आहे. किराणा सगळा अ‍ॅपवर नेला तर?

चिकट_मनुष्य

अ‍ॅपवर पाच टक्के मिळतात म्हणून डीमार्ट सोडू नका, आधी भाव ताडून बघा. मी महिनाभर दोन्हीकडची तूरडाळ, तेल, साबण वहीत लिहून काढले. अ‍ॅपवर बऱ्याच वस्तू पाच टक्क्यांहून महाग निघाल्या, वर डिलिव्हरीचं शुल्क. मुलाचे बूट, मिक्सर, प्रवासाची तिकिटं, जे तसंही ऑनलाइन घेणार होतात तेवढंच त्या कार्डावर टाका. वर्षाला दोन लाख खर्च झाला तर फी परत, अशी अट बऱ्याच कार्डांना असते. तुमचा खर्च तिथवर जाणार नाही, आणि फी वाचवायला उगाच खरेदी करू नका.

निवृत्त_कॅशियर

आणि बिलांचं दुसरं कार्ड घ्यायचंच असेल तर लगेच अर्ज करू नका. दर अर्जाला सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्ज-कार्डांच्या नोंदवहीत, चौकशीची नोंद पडते, तीन महिन्यांत दोन अर्ज म्हणजे बँकेला हा माणूस पैशांच्या अडचणीत दिसतो. वर्ष संपायच्या महिनाभर आधी हे बंद करा, पुढची फी लागण्यापूर्वी. बंद करताना शिल्लक कॅशबॅक आधी काढून घ्या.

सई_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: शाळा, मेंटेनन्स, दूध यूपीआयनं. पाच टक्क्यांचं कार्ड ऑनलाइन खरेदीपुरतं, वर्ष संपायच्या महिनाभर आधी बंद. चिकट_मनुष्य यांनी सांगितलेलं कार्ड तेव्हा घेईन, पण त्या वेळच्या अटी वाचून. कार्ड असो नसो, वीजबिल आलं त्याच दिवशी भरायचं.

या महिन्याचं बिल काल आलं, कालच भरलं. २७ रुपये कमी भरावे लागले, सासऱ्यांना मुद्दाम दाखवलं. गो ग्रीनचं मात्र जमेना. म्हणाले, "दहा रुपयांसाठी कागद सोडू? १९९४ पासूनची सगळी बिलं फायलीत आहेत माझ्या." त्यांना पटवायला कुणाकडे काही युक्ती असेल तर सांगा, नाहीतर धागा बंद केला तरी चालेल.