विषय: शनिवारी तंबाखू न्यायचाय, कुठला घेऊ?

प्रेषक: अनुजा

मंडळी, तातडीचं आहे. शनिवारी सकाळी कूकमकडे जातेय, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) अर्जासाठी रेफरन्सचं पत्र मागायला. तंबाखू न्यायचा हे माहीत आहे, पण कुठला? काल पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेले. पोरानं आधी आयडी मागितलं, मग काउंटरमागचं झाकलेलं कपाट उघडून विचारलं, सिगारेटी, पाइपचा की वळायचा? मला काही सुचेना, नुसतं दूध घेऊन परत आले. अर्जाची शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. तेव्हा ‘अजून वेळ आहे’ असं कुणी लिहू नका, प्लीज.

प्रेषक: मोहनकाका

कूकम कोण? आमच्या मालवणात कोकम म्हणजे सोलकढी. असो. माझ्याकडे गाय छापच्या दोन पुड्या आहेत, भाच्यानं आणलेल्या. चुन्याची डबीही आहे. येऊन घेऊन जा. पण पत्र मागायला तंबाखू? आम्ही प्राध्यापकांच्या दारात नुसते ताटकळत उभे राहायचो.

प्रेषक: अनुजा

काका, क्री म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक, त्यांच्या भाषेत आजीला कूकम म्हणतात. त्यांच्यात मोठ्यांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू देतात. तिथं लहानथोर सगळे तिला कूकमच म्हणतात. दोन वर्षं दर गुरुवारी विनिपेगच्या नॉर्थ एंडमधल्या त्या स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहून बॅनक, म्हणजे त्यांची जाड रोटी, थापतेय मी. चुना नको.

प्रेषक: प्रसाद

बेसिक प्रश्न. तुझं पुण्याचं एमएसडब्ल्यू झालेलंच आहे ना? मग पुन्हा एमएसडब्ल्यू कशाला? लायसन्ससाठी असेल तर आधी मूल्यांकन करून घे. २०१५ पासून आपल्या मॅनिटोबा प्रांतात नोंदणी नसेल तर स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. मी मागेच लिहिलं होतं.

प्रेषक: शुभदाताई

प्रसाद, नोंदणीचं तिचं झालंय. हा युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबाचा वेगळा एमएसडब्ल्यू आहे, इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, ज्ञानपरंपरांवर उभा केलेला. तिला तोच हवाय, आणि का हवाय ते ह्या गावात मुलांच्या खात्यात काम केलेल्या कुणालाही विचार. इथं सरकारी देखरेखीखालच्या मुलांत दहातली नऊ इंडिजिनस घरांतली आहेत. किमेलमन न्यायाधीशांनी १९८५ साली अहवालात मुलं अशी घरांतून काढून नेण्याच्या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं होतं. २०१५ च्या कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाच्या ९४ शिफारशींत पहिलीच मुलांबद्दलची आहे, आणि सोशल वर्कर लोकांना निवासी शाळांचा (इंडिजिनस मुलांना घरापासून तोडून ठेवायचे त्या) इतिहास शिकवा असं तिच्यातच म्हटलंय. मी नोकरीला लागले तेव्हा मला कुणी काही शिकवलं नव्हतं. पहिल्याच घरभेटीत एका बाईनं माझं कार्ड पाहिलं आणि एक शब्द न बोलता आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. तिच्या आईला साठच्या दशकात सोशल वर्कर लोकांनीच घरातून उचलून नेलं होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आता तंबाखू. गाय छाप अजिबात नको, मोहनराव. सिगारेटी लोक देतात, पण सुटा तंबाखू बरा. वळायच्या तंबाखूचं पाकीट मिळेल. ते तसंच दे, नाहीतर मूठभर तंबाखू लाल सुती कापडाच्या तुकड्यात बांध. दोन्ही चालतं. मुख्य म्हणजे आधी तंबाखू पुढे करायचा, काय हवंय ते सांगायचं, आणि थांबायचं. तिनं घेतला तर काम घेतलं. नाही घेतला तर ‘का’ विचारायचं नाही. आपल्याकडे विडा उचलतात ना, तसंच. हा मोबदला नव्हे. गिफ्ट कार्ड वगैरे द्यायचं तर नंतर, वेगळं. आणि घराघराची रीत निराळी असते, म्हणून स्वयंपाकघरातल्या तिच्या नातीला आधी विचारून घे. क्री, अनिशिनाबे, डकोटा, प्रत्येकाचं थोडं वेगळं. इनुइट लोकांत तर ही प्रथाच नाही, तेव्हा सरसकट सगळ्यांपुढे पुडी काढू नकोस.

प्रेषक: प्रसाद

विडा ठीक आहे, फक्त ‘सुपारी दिली’ म्हणू नका.

प्रेषक: मोहनकाका

हाहा. गाय छापचा अपमान मात्र सहन होणार नाही.

अनुजा, पत्राचं सोड, निबंधात काय लिहिलंस? मी सांगतो. आम्हीही आपल्या देशाचे मूलनिवासी, दीडशे वर्षं इंग्रजांखाली काढली, तुमचं दुःख आम्हाला कळतं. असं लिहिलंस तर लगेच घेतील.

प्रेषक: अनघा (सचिव)

ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे, एवढं लक्षात असू द्या. संक्रांतीच्या हॉलची डिपॉझिट अजून सात घरांकडून आलेली नाही. मी नावं लिहीत नाही. (मोहनकाका.)

प्रेषक: शुभदाताई

अनुजा, ते वाक्य लिहू नकोस. अर्जात ‘तू कोण, कुठली’ विचारतात ते नातं जुळवायला नव्हे, तू कुठं उभी आहेस ते कळायला. तुमची चिकूची वाडी डहाणूची, बरोबर? त्या पट्ट्यात मूळचे कोण? वारली. १९४५ चा उठाव तिथलाच, वेठबिगारीविरुद्धचा, गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारातला. त्या गोष्टीत तुमचं घर कुणाच्या बाजूला होतं, ते लिही. आणि मग इथं, मूळ रहिवाशांशी झालेल्या १८७१ च्या पहिल्या तहाच्या जमिनीवर येऊन भाड्यानं राहतेस, तेही लिही. आपण मूलनिवासी म्हणून उभे राहिलो तर ती कूकम मनातल्या मनात हसेल, आणि पालघरचे आदिवासी मोठ्यानं.

प्रेषक: मोहनकाका

हे जरा जास्त होतंय ताई. वाडीवाले सगळे जुलमी होते असं म्हणायचंय का? आमच्या आजोबांनी गड्यांच्या पोरांना शाळेत घातलं होतं. आणि डिपॉझिट मी डिसेंबरातच दिली, चेकनं. अनघानं ड्रॉवर बघावा.

प्रेषक: प्रसाद

‘गडी’ हा शब्दच बघा ना, काका.

प्रेषक: अनुजा

काल रात्री बाबांना फोन केला. विचारलं, पणजोबांच्या काळी वाडीवर कोण कामाला होतं? ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, माळ्यावर एक वही आहे. तिच्यात नावं आहेत, नुसती पहिली नावं, आडनाव एकाचंही नाही. प्रत्येकापुढे रक्कम, आणि खाली ‘लग्नाचे’. म्हणजे लग्नाला कर्ज दिलं आणि ते फिटेपर्यंत राबवून घेतलं. बाबा म्हणाले, हे तिकडे कशाला सांगतेस? मी म्हटलं, बघते. निबंधाचं पहिलं पान फाडून टाकलंय. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ हे त्यातलं पहिलं वाक्य होतं, म्हणजे फार नुकसान नाही.

कापड मिळालं, आईच्या जुन्या लाल सुती साडीचा काठ. नात म्हणाली, चालेल. तिळगूळ न्यावा का?

प्रेषक: शुभदाताई

ने, पण पत्राचं बोलून झाल्यावर, चहाबरोबर. लाडू लहान वळ, तिला दाताचा त्रास आहे.

प्रेषक: अनघा (सचिव)

चेक ड्रॉवरमध्ये सापडला. तारीख पूर्ण एक वर्ष आधीची घातली आहे, काका. नवीन द्या.

अनुजा, शनिवारी उणे एकतीस आहे आणि तुझी गाडी मागच्या वेळीही सुरू झाली नव्हती. मी नेते. साडेनऊला खाली थांब. मला त्याच वाटेवर हॉलची किल्ली घ्यायची आहे.